हिरवी खूण आली, चिप उघडेना

काम साधं होतं. प्रवाशाने फोनच्या कॅमेऱ्यासमोर पासपोर्टचं फोटोचं पान धरायचं. ॲपने तळाच्या दोन ओळी वाचायच्या, नाव, क्रमांक, जन्मतारीख, मुदत हे रकाने भरायचे आणि सगळं जुळलं तर शेजारी हिरवी खूण उमटवायची. अक्षरं ओळखायला एक ओसीआर इंजिन होतं. त्यातून निघालेला मजकूर तपासून रकाने वेगळे करायला एक तयार, मुक्त-स्रोत लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आणि आपल्या ॲपमध्ये जोडता येणारा कोड, होता. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नव्हता. ही व्यवस्था बरेच महिने विनातक्रार चालली. निदान आमची तशी समजूत होती.

मग पुढची मागणी आली: पासपोर्टातली चिपही वाचायची. ई-पासपोर्टच्या चिपला फोन नुसता टेकवून ती बोलत नाही, आधी किल्ली मागते. जुन्या आणि अजूनही सर्रास दिसणाऱ्या पद्धतीत, म्हणजे बेसिक ॲक्सेस कंट्रोलमध्ये, ही किल्ली त्याच दोन ओळींतून तयार होते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख, प्रत्येकाच्या मागे त्याचा चेक डिजिट (वाचन चुकलं का हे तपासायला छापलेला एक अंक), हे सगळं जोडून त्याचा शा-१ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा सांकेतिक ठसा, काढायचा आणि त्याच्या पहिल्या सोळा बाइटपासून किल्ल्या बनवायच्या. कल्पना अशी की ज्याने पासपोर्ट उघडून पान पाहिलंय त्यालाच चिप वाचता यावी. एक अक्षर चुकलं तरी किल्ली पूर्ण बदलते, आणि कुठलं अक्षर चुकलं हे चिप अर्थातच सांगत नाही.

बहुतेक पासपोर्ट उघडले. काही उघडेनात. त्यांतही एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी होती, पण ती आमच्या डोळ्यांत भरली नाही: जो पासपोर्ट उघडत नव्हता तो कितीही वेळा फोटो काढला तरी उघडत नव्हता.

चिप फोनशी रेडिओलहरींवर बोलते, म्हणून आम्ही अँटेनावर संशय घेतला. फोनचं कव्हर काढा, पासपोर्ट टेबलावर ठेवा, फोन हळू सरकवा. चिप काही देशांच्या पासपोर्टात मुखपृष्ठात असते, काहींत फोटोच्या पानात, म्हणून त्यासाठी बाण दाखवणारं एक देखणं ॲनिमेशन बनवलं. तीन आठवडे त्यात गेले. ॲनिमेशन आजही ॲपमध्ये आहे आणि उपयोगी आहे, पण या दुखण्यावरचं औषध ते नव्हतं.

लॉग, म्हणजे ॲपने आपोआप केलेल्या नोंदी, पाहिले नव्हते असं नाही. लॉगमध्ये प्रत्येक रकान्यासमोर ‘वैध: हो’ असंच होतं. क्रमांकाचा चेक डिजिट जुळला, जन्मतारखेचा जुळला, मुदतीचा जुळला, या सगळ्यांवर मिळून काढलेला शेवटचा एकत्रित अंकही जुळला. म्हणजे वाचन बरोबर, म्हणजे घोटाळा रेडिओचा. आमचा तर्क इथेच अडून बसला होता.

कोंडी फोडली ती टेस्टिंग करणाऱ्या सहकारीने. तिने न उघडणारा एक पासपोर्ट घेऊन क्रमांक हाताने टाइप केला. चिप पहिल्या झटक्यात उघडली. नंतर तिने आणखी एक गोष्ट केली, ज्याबद्दल मला अजून तिचा हेवा वाटतो. खाजगी माहिती लॉगमध्ये पडू नये म्हणून आम्ही क्रमांक झाकून छापत होतो: पहिली दोन अक्षरं आणि पुढे तारका. तिने तारका मोजल्या.

“अरे, हाताने टाकला तेव्हा सहा आहेत. कॅमेऱ्याने वाचला तेव्हा सात.”

क्रमांक आठ अक्षरांचा होता. कॅमेऱ्याच्या वाचनात तो नऊ अक्षरांचा झाला होता, आणि नववं अक्षर ‘के’ होतं.

इथे या दोन ओळींची रचना सांगायला हवी. ही पट्टी, एमआरझेड, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे आयकाओच्या दस्तऐवज ९३०३ नुसार छापली जाते. त्याची पहिली आवृत्ती १९८० ची. पासपोर्टात दोन ओळी, प्रत्येकी ४४ जागा. ओळखपत्रांच्या लहान आकारात ३० जागांच्या तीन ओळी. वापरता येणारी चिन्हं फक्त ३७: इंग्रजीची २६ मोठी अक्षरं, दहा अंक आणि < हे चिन्ह. या चिन्हाला फिलर म्हणतात. जिथे काही नाही तिथे फिलर. पासपोर्ट क्रमांकाला नऊ जागा राखलेल्या असतात. क्रमांक आठच अक्षरांचा असेल (भारताचा तसाच आहे, एक अक्षर आणि सात अंक) तर नवव्या जागी फिलर येतो. टाइपही ठरलेला, ओसीआर-बी. आद्रियान फ्रुटिगर यांनी १९६८ मध्ये तो घडवला, तोच मुळी यंत्राला आणि माणसाला दोघांनाही वाचता यावा म्हणून. पण फोनचा कॅमेरा, पानावरच्या प्लॅस्टिकची चकाकी आणि सर्वसाधारण मजकुरावर शिकलेलं ओसीआर इंजिन एकत्र आलं की फ्रुटिगरांची मेहनत निम्मी वाया जाते. सर्वसाधारण मजकुरात < हे चिन्ह जवळपास येतच नाही. इंजिनाला एका बिंदूतून फुटणाऱ्या दोन तिरक्या रेषा दिसतात आणि ते आपल्या ओळखीचं अक्षर निवडतं. ‘के’ची उभी काठी नाही दिसली तर नाही.

फिलरचा ‘के’ होतो हे एमआरझेडवर काम करणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी कळतं. आम्हालाही ठाऊक होतं. आमची समजूत एवढीच होती की असं झालं तर चेक डिजिट पकडेल.

चेक डिजिट काढायची रीत पाठ करण्यासारखी सोपी आहे. अंकाची किंमत तोच अंक. ‘ए’ म्हणजे १०, ‘बी’ म्हणजे ११, असं करत ‘झेड’ म्हणजे ३५. फिलर म्हणजे शून्य. डावीकडून प्रत्येक जागेला ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं वजन. गुणाकारांची बेरीज करायची, दहाने भागायचं, उरलेली बाकी हा चेक डिजिट.

आयकाओच्या दस्तऐवजात नमुन्यासाठी यूटोपिया नावाच्या काल्पनिक देशाची नागरिक आहे, ॲना मारिया एरिकसन. या क्षेत्रातल्या प्रत्येक प्रोग्रामरची ती जुनी ओळखीची. तिच्या जुन्या नमुन्यातला क्रमांक आठ अक्षरी आहे: एल८९८९०२सी, नववा फिलर, चेक डिजिट ३. करून पाहू. ‘एल’ म्हणजे २१, गुणिले ७, १४७. मग ८ गुणिले ३, २४. ९ गुणिले १, ९. ८ गुणिले ७, ५६. ९ गुणिले ३, २७. शून्याचं शून्य. २ गुणिले ७, १४. ‘सी’ म्हणजे १२, गुणिले ३, ३६. फिलरचं शून्य. बेरीज ३१३, बाकी ३. बरोबर.

आता नवव्या जागी फिलरऐवजी ‘के’ ठेवा. ‘के’ची किंमत २०, त्या जागेचं वजन १. बेरीज ३३३. बाकी ३.

कागदावर हे लिहिल्यावर मी बराच वेळ त्या ३३३ कडे बघत बसलो. वजन ७ असतं तर १४० वाढले असते, ३ असतं तर ६०. काहीही झालं तरी बाकी तीच. म्हणजे फिलरचा ‘के’ झाला तर चेक डिजिट तो कधीच पकडणार नाही. ‘दहात एकदा निसटतो’ अशातली गोष्ट नाही. कुठल्याही जागी, कितीही फिलरांचे कितीही ‘के’ झाले तरी तो जुळणारच. शेवटचा एकत्रित अंकही याच रीतीने काढतात, त्यामुळे तोही साथ देतो. या ओळींत ओसीआरची सगळ्यात नेहमीची चूक जी आहे, नेमकी तिच्याबाबतीत ही तपासणी आंधळी आहे.

मग सगळ्याच चिन्हांची, दहाने भागून उरणाऱ्या बाकीनुसार वाटणी केली. ३७ चिन्हांची दहा घराणी पडतात. शून्याच्या घरात शून्य, फिलर, ए, के आणि यू. एकच्या घरात १, बी, एल, व्ही. पाचच्या घरात ५, एफ, पी, झेड. सहाच्या घरात ६, जी, क्यू. एकाच घरातली अदलाबदल चेक डिजिटला दिसत नाही, कारण ७, ३ आणि १ यांपैकी कुठल्याही वजनाने गुणलं तरी दहाचा फरक दहाच्याच पटीत राहतो. आता यांतल्या दिसायला सारख्या जोड्या पाहा: ‘एल’ आणि १, ‘जी’ आणि ६, ‘एफ’ आणि ‘पी’, पान जरा खराब असेल तर ‘यू’ आणि शून्य. ॲनाच्याच क्रमांकात सुरुवातीचा ‘एल’ १ असा वाचा. १४७ च्या जागी ७ येतात, बेरीज १७३, बाकी पुन्हा ३.

उलट ज्यांची सगळे धास्ती घेतात त्या जोड्या पकडल्या जातात. ‘ओ’ आणि शून्य यांच्यात २४ चा फरक, ‘आय’ आणि १ यांच्यात १७, ‘बी’ आणि ८ यांच्यात ३, ‘एस’ आणि ५ यांच्यात २३, ‘झेड’ आणि २ यांच्यात ३३. एकही दहाच्या पटीत नाही. जर्मनीने २००७ पासून पासपोर्ट क्रमांकात अक्षरं घेतली तेव्हा सगळे स्वर आणि बी, डी, क्यू, एस वगळले. माणसाच्या डोळ्याला हे बरंच सोयीचं आहे. पण के, एल, जी, एफ, पी त्या क्रमांकांत आहेत. मला यात थोडी गंमत वाटते: चेक डिजिटने पकडलीच असती ती बरीच गोंधळाची अक्षरं बाहेर गेली, आणि जी त्याला दिसत नाहीत ती आत राहिली.

इतकं उमगल्यावर क्रमांकाचा प्रश्न सुटण्यासारखा होता. जास्त चिंता नावांची होती. पहिल्या ओळीला चेक डिजिटच नाही. एकत्रित अंक फक्त दुसऱ्या ओळीतल्या १ ते १०, १४ ते २० आणि २२ ते ४३ या जागांवरून काढतात. नाव, राष्ट्रीयत्व, लिंग यांच्यावर कसलीच तपासणी नाही. नावाला ३९ जागा, आडनाव आणि नाव यांच्यात दोन फिलर, शब्दाशब्दात एक. त्या दोनांतला पहिला ‘के’ झाला की ‘एरिकसन’चं ‘एरिकसनके’ होतं आणि उरलेला एकटा फिलर साधी जागा ठरतो. मग ॲना मारिया आडनावाचाच भाग बनतात आणि नावाचा रकाना रिकामा राहतो. यातलं काहीही झालं तरी लायब्ररीचं उत्तर ‘वैध: हो’.

जुने रेकॉर्ड उघडले. होतंच. नावांच्या शेवटी एक, दोन, कुठे पाच ‘के’. सगळ्यांच्या शेजारी हिरवी खूण. इतके महिने कुणी पाहिलं नाही, कारण हिरवी खूण लावण्यामागचा हेतूच कुणाला पाहावं लागू नये हा होता.

लायब्ररी एका बाजूला इतकी सढळ असताना दुसऱ्या बाजूला भलतीच कडक निघाली. दुसऱ्या ओळीतला वैयक्तिक क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तर त्याचा चेक डिजिट शून्य किंवा फिलर, काहीही चालतो. लायब्ररी शून्यच मागायची. जर्मनीचा देशसंकेत नुसता ‘डी’ आणि पुढे दोन फिलर असतो. लायब्ररीला तीन अक्षरंच हवी होती. जन्मतारखेचा दिवस किंवा महिना माहीत नसेल तर तिथे फिलर येतात, लिंग नमूद नसेल तरी फिलर येतो. दोन्ही ठिकाणी ती धडधाकट पासपोर्ट नाकारायची. वर्षाचे दोनच आकडे असल्यामुळे शतक ओळखायला कोडमध्ये एक सीमा लिहून ठेवलेली होती, तीही जन्मतारखेला आणि मुदतीला एकच. या सगळ्या दुरुस्त्या एका दिवसात झाल्या.

लायब्ररी सांभाळणाऱ्यांना आम्ही ‘के’चा प्रकार कळवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की दस्तऐवज ९३०३ मध्ये लिहिलंय तेच गणित लायब्ररी करते. ते खरंच होतं. तिच्या टेस्टही चोख होत्या, फक्त सगळ्या टेस्टमध्ये ॲना एरिकसन स्वच्छ टाइप केलेली होती. कॅमेऱ्यातून आलेली ॲना कुणी तपासलीच नव्हती. माझ्या मते चूक गणितात नव्हती, उत्तराच्या नावात होती. ‘वैध’ हा शब्द वाचून लायब्ररी वापरणारा प्रोग्रामर समजतो की पासपोर्ट बरोबर वाचला. लायब्ररीला म्हणायचं असतं की बाकी जुळली. आम्हीही तसंच समजलो, आणि त्या शब्दाला हिरवा रंग दिला तो आम्हीच.

आम्ही आमच्या प्रतीत तो ‘वैध’ काढून टाकला. आता प्रत्येक रकान्याला तीनांपैकी एक उत्तर मिळतं: अंक जुळला, अंक जुळला नाही, या रकान्याला अंकच नाही. सोबत संशयित अक्षरांची यादी येते: कुठल्या जागी के, एल, १, जी, ६, एफ, पी आहे आणि ओसीआरने ते किती खात्रीने वाचलंय. ओसीआरला ३७ चिन्हांपलीकडे काही दिसू नये असं बांधून टाकलं. तारखांत अक्षर आलं आणि देशसंकेतात अंक आला तर तो तिथेच बदलायला हरकत नाही, कारण तिथे दुसरं काही असूच शकत नाही. टेस्टसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो नमुन्याच्या ओळीतलं एकेक अक्षर त्याच्याच घरातल्या जुळ्याने बदलतो आणि लायब्ररी काय म्हणते ते नोंदवतो. तो पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर आलेली ‘हो’ची रांग मी अजून ठेवली आहे.

चिपच्या बाबतीत काम सोपं झालं. क्रमांकाच्या शेवटी ‘के’ दिसला तर आधी जसाच्या तसा, मग फिलर धरून, अशा दोनच किल्ल्या वापरून पाहायच्या. चिप उघडली म्हणजे क्रमांक आणि दोन्ही तारखा बरोबर. त्यात पुन्हा चिपच्या आत पहिल्याच डेटा गटात संपूर्ण एमआरझेड असते, पासपोर्ट देणाऱ्या देशाच्या डिजिटल सहीने बांधलेली. सही तपासून ती घेतली की कॅमेऱ्याच्या वाचनाची गरज किल्लीपुरतीच उरते. नावसुद्धा तिथूनच मिळतं.

राहिले जुने रेकॉर्ड, ज्यांच्या वेळी चिप वाचलीच नव्हती. फोटो आम्ही साठवत नव्हतो. खाजगीपणाच्या दृष्टीने तेच योग्य होतं, पण पुन्हा वाचायला आता काहीच नव्हतं. ग्राहकाला हे लवकर निस्तरायला हवं होतं. एक स्क्रिप्ट लिहिली गेली: नावाच्या शेवटचे ‘के’ उडवा. मी विरोध केला, पण पुरेसा नाही. शेवटी दोन किंवा अधिक ‘के’ असतील तिथे ती ठीक चालली. एकट्या ‘के’वरही ती चालवली गेली आणि आठवडाभरात एक तक्रार आली. त्या प्रवाशाचं आडनाव खरोखरच ‘के’ने संपत होतं. मध्य युरोपात तशी आडनावं पुष्कळ आहेत. इतके महिने बरोबर असलेलं नाव आम्ही दुरुस्त करून मोडलं होतं, आणि आता ते त्याच्या तिकिटावरच्या नावाशी जुळत नव्हतं.

स्क्रिप्टचा तेवढा भाग परत फिरवला. शेवटी एकच ‘के’ असलेली नावं आता पिवळ्या खुणेखाली आहेत. तो प्रवासी पुढच्या वेळी आला की पासपोर्ट पुन्हा वाचला जातो, शक्य असेल तर चिपसकट. तक्रार करणाऱ्याचं आडनाव पूर्ववत झालंय. तो अजून पुन्हा आलेला नाही, म्हणून त्याच्याही नावापुढे पिवळीच खूण आहे.